पुढचा हत्ती, मागचा हत्ती

माणिकराव खटक्यांच्या थोरल्या लेकीचं, रत्नमालेचं, पहिलं बाळंतपण ज्या साली माहेरी व्हायचं होतं, त्या सालची ही गोष्ट. पण मंडळी, गोष्टीच्या आधी एक सवाल. वस्तू कोणाची? जिच्या घरात आहे तिची, की जिला तिची किंमत कळते तिची? शेजारणीच्या माळ्यावर तांब्याचा हंडा धूळ खात पडलाय, आणि तुम्हाला तो रोज स्वप्नात दिसतो. मग हंडा कोणाचा? — त्या बाजूला बायका हसल्या बघा! म्हणजे हंडा आहे!

ऐका तर.

माणिकराव एस.टी.त कंडक्टर. बत्तीस वर्षं दारात उभे राहून गावं बघितली. आता कंडक्टरला गावाचं काय दिसतं? देऊळ दिसत नाही, नदी दिसत नाही. थांबा दिसतो, आणि थांब्यासमोरचं किराणा दुकान. आणि दुकानावर काय? पत्र्याची पाटी! जुनी, जाड, काचेसारखा रंग चढवलेली. चहाची, साबणाची, बिडीची, कंदिलाची. कशावर वाघ, कशावर बाई, कशावर उगवता सूर्य. पन्नास उन्हाळे गेले तरी रंग जसाच्या तसा!

निवृत्त झाल्यावर कोणी तीर्थाला जातं, कोणी सुनेच्या मागं लागतं. माणिकराव पाट्यांच्या मागं लागले. गावोगाव फिरायचे, दुकानदाराला नवी चकचकीत पाटी रंगवून द्यायचे आणि जुनी काढून आणायचे. कुठं ती गोठ्याच्या भोकाला लावलेली, कुठं रांजणावर झाकण झालेली. माणिकराव ती आणायचे, चिंचेनं पुसायचे, गोडं तेल लावायचे. असं करता करता घरात पाट्या झाल्या एकशे अकरा! कॉटखाली पाट्या, दाराआड पाट्या. पाहुणा आला तर बसायला जागा नाही, पण वाचायला भिंती भरपूर!

त्यांची बायको सोनाबाई. बोलायला परखड. एक दिवस कमरेला पदर खोचून उभी राहिली.

"अहो, रत्ना पुढच्या महिन्यात येतीय. बाळाला कुठं निजवू? साबणाच्या पाटीवर?"

"करतो ना जागा."

"जागा करायची आणि आणखी चार आणायच्या, असं चालायचं नाही. नातवाची शपथ घ्या!"

माणिकराव कळवळले. म्हणाले, "सोने, एकच. शेवटची. मग आयुष्यात पाटीला हात लावणार नाही."

बघा हं! व्यसनी माणसाची भाषा सगळीकडे सारखीच. एकच! शेवटचा! इथं मागं बसलेल्यांनी मान खाली का घातली?

तर ही शेवटची पाटी कोणती आणायची, हे माणिकरावांनी ठरवून ठेवलं होतं. हिरेगावचा हत्ती!

हिरेगावात सिद्रामप्पा कोरे म्हणून वाणी होते. त्यांच्या दुकानावर निळी पाटी, पुरुषभर लांब. तिच्यावर पांढरा हत्ती, सोंडेत पेटता कंदील धरलेला, आणि वर ठसठशीत अक्षरं — हत्ती छाप कंदील. तशी दुसरी पाटी माणिकरावांनी बत्तीस वर्षांत बघितली नव्हती. पण सिद्रामप्पा वारले आणि दोन मुलांची वाटणी झाली. थोरले चनबसप्पा, धाकटे गुरुपाद. शेत वाटलं, भांडी वाटली, काटा-मापं वाटली. राहिली पाटी. थोरला म्हणतो माझी, धाकटा म्हणतो माझी. पंच म्हणाले, चिठ्ठी टाका. नको! लोहाराला बोलावलं. लोहार म्हणाला, मी हत्ती कापणार नाही, मला पाप लागंल. मग मंडळी, थोरल्यानं स्वतः छिन्नी-हातोडा घेतला आणि भर चौकात पाटी मधोमध कापली!

थोरल्याकडं सोंड, कंदील, पुढचे दोन पाय आणि "हत्ती छा". धाकट्याकडं शेपूट, मागचे दोन पाय आणि "प कंदील"!

हसू नका. तुमच्या घरी वाटणी झाली तेव्हा काय काय कापलं, ते आठवा आधी.

दोघांनी समोरासमोर दुकानं थाटली. मधे रस्ता. सव्वीस वर्षं झाली, रस्ता कोणी ओलांडला नाही. आणि गाव काय गप्प बसतंय? गावानं नावंच ठेवली. थोरल्याचं दुकान "पुढचा हत्ती", धाकट्याचं "मागचा हत्ती". बाई पोरीला हाक मारून सांगायची, "पुढच्या हत्तीकडनं शेंगदाणे आण, आणि गूळ मागच्या हत्तीकडनं!" धाकट्याच्या काळजात हे रोज टोचायचं. शेपूट त्याच्या वाट्याला आली होती ना!

माणिकराव हिरेगावात उतरले. आधी थोरल्याकडं गेले. पुढचा हत्ती गल्ल्याच्या वर टांगलेला, तेल लावून लखलखीत.

"नमस्कार चनबसप्पा. हत्ती द्यायचा का?"

चनबसप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही ते पाट्यावाले कंडक्टर ना? अर्धा हत्ती घेऊन काय करणार? त्याला चालवणार कसं?"

"दोन्ही अर्धे घेणार."

"तो गुऱ्या देणार? त्यानं हत्ती हौदावर झाकण म्हणून घातलाय म्हणतात. तरी देणार नाही, मला माहीत आहे. त्यानं दिला तर मीही दिला, जावा!"

माणिकराव रस्ता ओलांडून धाकट्याकडं. गुरुपाद गूळ फोडत होते.

"अण्णानं दिला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दिलात तर ते देतो म्हणतात."

"असं म्हणतोय व्हय! मग त्याला सांगा, आधी तू दे. लहानपणापासनं आधी त्याचंच. आता हे तरी त्यानं आधी करावं!"

परत इकडं. परत तिकडं. सकाळपासून सात फेऱ्या झाल्या. पायरीवर नीलव्वा म्हणून म्हातारी तंबाखू मळत बसलेली. ती म्हणाली, "काय वो कंडक्टर, इकडनं तिकडं जातायसा, तिकडनं इकडं येतायसा, तिकीट तरी फाडा की एकादं!"

आता मंडळी, इथं मोह येतो. मोह ढोल वाजवत येत नाही. कानात हळूच सांगतो — अरे, दोघंही कबूल आहेत की! फक्त आधी कोण, एवढाच प्रश्न. दोघांना सांग की दुसऱ्यानं दिला. काय बिघडलं?

माणिकराव आयुष्यभर सुट्ट्या पैशात कधी चुकले नाहीत. तो माणूस थोरल्यासमोर उभा राहिला आणि सरळ खोटं बोलला!

"चनबसप्पा, गुरुपादनी दिला."

चनबसप्पांचा हात तागडीवरच राहिला. "दिला?"

"दिला."

"खरंच दिला?" ते पाटीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "जरा थांबा," आणि आत गेले.

माणिकरावांना वाटलं, दोरी आणायला गेले. हर्षानं तसेच रस्ता ओलांडून धाकट्याकडं गेले. "गुरुपाद, अण्णांनी दिला!"

गुरुपादच्या हातातला गुळाचा खडा तसाच राहिला. डोळे भरले की काय, असं माणिकरावांना वाटलं, तेवढ्यात समोरून आरडाओरडा!

चनबसप्पा काठी घेऊन निघालेले! सव्वीस वर्षांनी रस्त्यात पाय घातला आणि गरजले, "गुऱ्या! बाहेर ये! बाबांचा हत्ती इकलास? लाज न्हाई वाटली?"

गुरुपाद गुळाचा खडा टाकून धावले. "मी इकला? तूच इकलास की! तेल लावून लावून शेवटी कंडक्टरच्या गळ्यात घातलास व्हय रं अण्णा?"

"मी? मी मेलो तरी इकणार न्हाई!"

"मग मी तरी कशाला इकीन?"

रस्त्याच्या मधोमध दोघं नाकाला नाक लावून उभे. गाव गोळा झालं. आणि मग दोघंही एकदम थांबले. एकदम! थोरल्यानं विचारलं, "तू न्हाई दिलास?" धाकट्यानं विचारलं, "तू न्हाई दिलास?" आणि दोघांच्या माना हळूहळू वळल्या... कोणाकडं?

माणिकरावांकडं!

बत्तीस वर्षांत पन्नास भांडणं त्यांनी गाडीत सोडवली होती. पण तेव्हा घंटी वाजवून पुढं निघता यायचं. इथं घंटी कुठली?

"चुकलो," माणिकराव म्हणाले. "खोटं बोललो. दोघांनीही दिलेला नाही."

नीलव्वा खो खो हसायला लागली. पण चनबसप्पा हसले नाहीत. ते धाकट्याच्या दुकानाकडं बघत होते. इतक्या जवळून त्यांनी ते कधी बघितलंच नव्हतं. आत हत्ती हौदावर झाकण म्हणून नव्हता काही. मागचा हत्ती समोरच्या भिंतीवर, उजव्या अंगाला टांगलेला. आणि त्याच्या डाव्या अंगाला? तेवढीच मोकळी भिंत. बरोब्बर तेवढीच! सव्वीस वर्षांत तिथं फडताळ नाही, कॅलेंडर नाही, देवाची तसबीरसुद्धा नाही.

"ही जागा रिकामी का ठेवलीस?" चनबसप्पांनी विचारलं.

गुरुपाद खाली बघत म्हणाले, "तिथं दुसरं काही शोभत न्हाई."

चनबसप्पांनी काठी खाली टाकली. म्हणाले, "छिन्नी मी धरली होती. तू नुसता रडत होतास." मग घराकडं वळून ओरडले, "अगं, स्टूल आण! हत्ती काढायचाय!"

दोन्ही तुकडे रस्त्यात घोंगडीवर ठेवले. जुळवले. हत्तीच्या पोटावर छिन्नीनं रंगाची खपली उडालेली, बोटभर गंज चढलेला. तरी काय हत्ती हो! सोंडेपासून शेपटीपर्यंत सगळा! बायकांनी हात जोडले. माणिकराव तर खाली बसूनच राहिले. आयुष्यभर जे बघायचं होतं, ते पुढ्यात होतं.

मग चनबसप्पा म्हणाले, "कंडक्टर, आम्ही शब्द दिला होता. त्यानं दिला तर मी, मी दिला तर तो. तुम्ही खोटं बोललात, पण आम्ही वाणी आहोत, शब्द खाली पाडत न्हाई. हा पुरा हत्ती. नेणार का?"

गुरुपादनी अण्णाकडं बघितलं. पण तेही म्हणाले, "न्या."

मंडळी, सांगा — माणिकरावांनी काय करावं? शेवटची पाटी. एकशे बारावी. पुन्हा मिळणार नाही. मालक स्वतः न्या म्हणतात. अडवणारं कोणी नाही!

माणिकरावांनी हत्तीच्या सोंडेवरून हात फिरवला. कंदिलावरून फिरवला. बराच वेळ फिरवला. आणि म्हणाले, "माझ्या घरी नेला तर ही नुसती पाटी होईल. इथं हा हत्ती आहे. राहू दे."

नीलव्वा म्हणाली, "मग टांगायचा कुणाकडं? का पुन्हा छिन्नी आणायची?"

"थांब्याच्या शेडवर," माणिकराव म्हणाले. "दोन्ही दुकानांतून दिसेल असा. मी बसवून देतो."

"खोटं बोलल्याचा दंड समजा!" गुरुपाद म्हणाले, आणि तेव्हा कुठं गाव हसलं.

दोन दिवस माणिकराव हिरेगावात राहिले. सागवानी फळी तासली. स्क्रूखाली रबराच्या चकत्या घातल्या, म्हणजे रंग उडत नाही. पोटावरचा गंज खरवडला. गुरुपाद म्हणाले, "तिथं पांढरा रंग मारा, जोड दिसायला नको." चनबसप्पा म्हणाले, "दिसू दे. मी केलाय तो." जोड तसाच ठेवला. एका घरी गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, खायची, दुसऱ्या घरी शेंगापोळी. माणिकराव रिकाम्या हातानं घरी आले, पण पोट मात्र सुटलं होतं. सोनाबाईंनी दारातच विचारलं, "कुठाय तुमची शेवटची?" त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मग तिनं पानात तूप जरा जास्त वाढलं.

तर वस्तू कोणाची, मंडळी? ज्याच्या घरात आहे त्याची? सव्वीस वर्षं दोघांच्या घरात होती, आणि दोघांचीही नव्हती. किंमत कळते त्याची? माणिकरावांना किंमत कळत होती, म्हणून तर ते खोटं बोलले! "न्या" म्हटल्यावर जो हात काढून घेतो, वस्तू त्याची. मग ती कुठंही टांगलेली असो.

आणि खोटं बोलण्याचं म्हणाल तर माणिकरावांचं निभावलं. तुमचं निभावेल अशा भरवशावर राहू नका!

आता घरी जाल तेव्हा एवढं करा. भावाच्या घरात कधी शेवटचं डोकावलात, ते आठवा. त्याच्या भिंतीवर तुमच्यासाठी किती जागा रिकामी आहे, ते बाहेरून दिसत नाही. रस्ता ओलांडावा लागतो. काठी घेऊन गेलात तरी चालेल, पण जा! काठी टाकायला जागा तिथं असते.

दोघं भाऊ त्यानंतर तीन वर्षं रोज संध्याकाळी थांब्यावर शेजारी बसत. चनबसप्पा चौथ्या वर्षी, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी वारले.