तीनशे चौपन्न खाचा

...आणि वर तो संग्रहालयाचा साहेब मलाच विचारतो, "आजी, पुरावा आहे का तुमच्याकडे?" मला! ज्या लाकडावर मी माझ्या या हाताने खाचा पाडल्या, त्याच लाकडासमोर उभं राहून मी पुरावा देऊ? हा हात हाच पुरावा, म्हटलं, दाखवू का गालावर? पण सून बाजूला होती ना, "आई, हळू बोला, आई, लोक बघतायत..." बघू देत की! तिकीट काढून आलेत, बघायलाच आलेत ना?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी काहीच्या बाही बरळते. सून म्हणाली, "आई, चला संग्रहालयात, आत गारेगार असतं." गेलो. लोक कसे बघत जातात तुम्हाला माहितीये, एक मडकं, दुसरं मडकं, चला पुढे. माझं तसं नाही. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. किराण्याच्या पुड्या सोडता सोडता त्या कागदांवर अक्षरं शिकले, एकटीने, आणि तेव्हापासून कुठेही काही लिहिलेलं दिसलं की वाचते. औषधाच्या बाटलीवरचं वाचते, 'ढकला' लिहिलेलं वाचते आणि मगच ढकलते. तर मडक्यांच्या पाट्या वाचत वाचत तिसऱ्या दालनात आले, आणि बघते तर काय... काचेच्या पेटीत, लाल मखमलीवर, वरून दिवा सोडलेला, नवरीसारखा सजवून ठेवलेला, माझ्या दाराचा टेकू!

पाटी वाचली. "विधिदंड. अंदाजे तीनशे वर्षे जुना. चांद्र वर्षाचे तीनशे चौपन्न दिवस मोजण्यासाठी पुजारी वापरीत असावेत." असावेत! अहो, कसले पुजारी आणि कसला चंद्र! तो माझा नवरा होता!

आमचे हे सुतार. साधेसुधे नाही हं, अख्ख्या गल्लीची दारं ह्यांच्या हातची, कडी अशी बसवायचे की लहान पोराने एका बोटाने सरकवावी. आणि स्वतःच्या घराच्या दाराला? कडी नाही! वारा आला की दार सताड उघडं, शेजाऱ्यांचं कुत्रं सरळ येऊन पाटावर बसायचं, जेवायला वाढा म्हणून. मी म्हणायचे, "अहो, कडी." तर हे चहाच्या कपातून डोकं वर न काढता म्हणायचे, "उद्या बसवतो." बरं, चिडावं तर माणूस गोड. "नक्की?" "नक्की गं. उद्या बसवतो."

शेवटी मी ह्यांच्याच लाकडांतून एक चौकोनी दांडकं उचललं आणि दाराला आतून टेकू दिला. आणि ह्यांचीच पटाशी घेऊन, ज्या दिवशी 'उद्या' म्हणतील त्या दिवशी एक खाच. लिहिता यायचं नाही तेव्हा मला, पण हिशेब ठेवता यायचा. हे बघायचे, हसायचे, म्हणायचे, "पटाशी बोथट होईल गं." म्हणजे पटाशीची काळजी! कडीची नाही!

तर मी तिथल्या रखवालदाराला म्हटलं, बोलव तुझ्या साहेबाला. साहेब आला. चष्मा, दाढी, खिशात तीन पेनं. म्हणाला, "आजी, या दंडावर मी सहा वर्षं अभ्यास केलाय. प्रबंध लिहिलाय." म्हटलं, मी त्याच्यावर एकोणचाळीस वर्षं संसार केलाय. म्हणाला, "एकूण खाचा तीनशे चौपन्न. बरोब्बर चांद्र वर्ष! हा योगायोग कसा असेल?" म्हटलं, बाबा, चारी बाजू भरल्या, लाकूड संपलं. माणसाचं 'उद्या' संपलं नव्हतं, लाकूड संपलं!

पण ऐकेल तर साहेब कसला. मला समजावतो, "इथे पाहा, ही मोकळी जागा. अकरा दिवस खाच नाही. त्या काळात मोठी महामारी आली असावी." महामारी! मी रुसून माहेरी गेले होते हो! तेवढ्या दिवसांची जागा परत आल्यावर मी मुद्दाम कोरी सोडली, हिशेब म्हणजे हिशेब! अकराव्या दिवशी हे न्यायला आले, तेव्हा माझ्या आईने ह्यांना दारातच विचारलं, "जावईबापू, कडी बसवली का?" आणि आमचे हे काय म्हणाले असतील? सांगा तुम्हीच!

सून पुटपुटली, "आई, जाऊ दे ना, काय फरक पडतो?" पडतो! वाट मी पाहिली आणि नाव पुजाऱ्याचं? जन्मात एकच गोष्ट मी लिहून ठेवली, अक्षर येत नव्हतं तेव्हा लिहून ठेवली, आणि तीही चंद्राच्या खात्यावर? घर पाडलं तेव्हा मुलाने भंगारात दिलं म्हणून माझं नाही झालं का ते?

मग मी पाटीवरची शेवटची ओळ वाचली. "खालच्या टोकास अज्ञात प्राण्याचे कातडे." हसू आवरेना मला. म्हटलं, साहेब, काढा बाहेर तो प्राणी. तो म्हणतो, पेटी उघडता येत नाही. मी नुसता हात लावला तर दार उघडलं! कुलूपच नव्हतं, कागदाची घडी कोंबून बंद केलेलं. रखवालदार खाली बघत म्हणाला, "कुलूप बसवायचंय, आजी. उद्या बसवणारेत." अंगावर काटा आला हो माझ्या!

दांडकं घेतलं, उलटं केलं, टोक साहेबाच्या नाकाखाली धरलं. "फरशीवर सरकू नये म्हणून मी माझ्या जुन्या चपलेचा तुकडा ठोकलाय. रबर आहे ते. दाबून बघा. तीनशे वर्षांपूर्वी तुमचा पुजारी रबरी चपला घालायचा का?"

साहेबाने अंगठ्याने दाबलं. पुन्हा दाबलं. नखाने खरवडलं. चेहरा असा झाला बिचाऱ्याचा, की मला आमच्या ह्यांची आठवण आली. शेवटच्या दुखण्यात खाटेवरून त्या टेकूकडे बघत बसायचे तास न् तास. मी म्हटलं, आता राहू द्या, सवय झालीये. तर ओठ हलवले. आवाज नव्हता, पण मला कळलं काय म्हणाले ते. तेवढी एक खाच पाडली नाही मी. जागाच नव्हती.

साहेब म्हणाला, "आजी, तुमचं बरोबर आहे. पाटी बदलतो. तुमचं नाव घालतो."

"कधी?"

चष्मा पुसला, घड्याळ बघितलं, आणि काय गोड हसला मेला! "उद्या बदलतो, आजी. नक्की."

घरी आले, स्वयंपाकघरातून सुरी घेतली. ही माझी हातातली काठी बघा. रोज संग्रहालयात फोन करते, साहेब रोज तेच सांगतो, आज त्रेचाळिसावी खाच. आणि या काठीला जागा पुरणार नाही हे मला माहितीये, म्हणून सुनेला सांगून ठेवलंय, येताना वखारीतून एक वासाच घेऊन ये.