हाड म्हटलं की येतो

तुमी हसाल, पण ऐका. शेजारच्या शिंदेकाकूंचे गुडघे धरलेत, म्हणून त्यांच्या राजाला आमच्या वालचंदनगरच्या कॉलनीत मीच फिरवतो. कुत्रं गरीब, पण कितीबी हाका मारा, वळून बघायचं न्हाय. मला वाटलं, बहिरं हाय.

एक दिवस पट्टा हातातून सुटला आणि राजा थेट रस्त्यावर. समोरून उसाचा ट्रॅक्टर. "राजा! ए राजा!" घसा बसला माझा, तर हा आपला मधोमध हुंगत उभा. तेवढ्यात एक भटकं कुत्रं माझ्यावरच गुरगुरलं. मी ओरडलो, "हाड!"

राजा गर्रकन वळला आणि पळत येऊन माझ्या पायाशी शेपूट हलवत बसला. ट्रॅक्टर गेला निघून.

काकूंना सांगितलं. त्या डोळं पुसत म्हणाल्या, "रस्त्यावरचं पिल्लू होतं ओ ते. ज्या दारात गेलं तितं हेच ऐकलं. त्याला वाटतं, आपलं नावच हाड हाय."

आता मी त्याला लाडानं "हाड रं बाळा" म्हणतो. लोक बघतात, बघू द्या. ज्यांनी ज्यांनी त्याला दारातून हाकललं, त्यांचं देव भलं करो. त्यांनी ठेवलेल्या नावानंच वाचला तो.