शिंपिणीचं वळण

बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने विचारलं,

"आजोबा, आम्ही शिंपिणीच्या वळणावर नवीन राहायला आलोय. तिथे शिंप्याचं दुकान तर एकही नाही. मग असं नाव कसं?"

"पूर्वी तिथे काहीच नव्हतं गं. वर पेरूच्या बागा, खाली वीटभट्टी, मधे ओढ्याला वळसा घालणारा हा रस्ता. मी तेव्हा याच मार्गावर ड्रायव्हर होतो. एक शिंपीण त्या वळणावर शिलाई मशीन घेऊन उभी दिसली. थांबा नव्हता, तरी मी गाडी थांबवली."

"मग?"

"मग रोजच थांबवायला लागलो. गाडी थांबते म्हणून बागेतली माणसं तिथे येऊ लागली. कुणी टपरी टाकली, कुणी घर बांधलं. वस्ती झाली."

"आणि ती शिंपीण?"

"ही काय, खिडकीपाशी बसलीय."

"अगंबाई. आजी, तुमच्यासाठी अख्खी बस थांबायची?"

"थांबायची खरी. पण मला बस नकोच होती. मी भट्टीवर कपडे शिवायला जायचे, पायवाटेने अगदी हाकेच्या अंतरावर. मशीन जड, म्हणून दम खात उभी होते."

"अगं, मग चढलीस कशाला?"

"तुम्ही एवढी गाडी थांबवलीत. नाही कसं म्हणायचं?"

"आणि रोज?"

"रोज पुढच्या थांब्यावर उतरायचे आणि भट्टीपर्यंत मागे चालत यायचे."

"मशीन डोक्यावर घेऊन?"

"मग काय गाडीत ठेवून?"

"इतक्या वर्षांत बोलली नाहीस."

"बोलले असते, तर दुसऱ्या दिवशी थांबला असतात का?"