पीटर्सबर्गमध्ये आई हरवली तेव्हा

उज्ज्वल: फोटो नंतर बघू, आई. आधी मला सांग, तू स्टेशनवर का नव्हतीस?

नंदा: काल विमानतळावर एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, चला, राग ओसरला. आता पोह्यांची प्लेट पुढ्यात आल्यावर बोलून राहिला.

एकता: ओसरला कसला! त्या दिवशी हॉलमध्ये इतक्या येरझारा घातल्या यानं, की खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या विचारायला, एव्हरीथिंग ओके म्हणून.

उज्ज्वल: गंमत नाहीये ही, एकता. आपण जेवत होतो आणि विनीतामावशीचा मेसेज आला. 'नंदा आलीच नाही. मॉस्कोची गाडी सुटली. आम्ही गाडीत आहोत.' रशियात, एकटी, भाषेचा गंध नाही, सहासष्ट वर्षांची बाई...

नंदा: सदुसष्ट.

उज्ज्वल: आणि फोन बंद! दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंद. दूतावासात फोन केले मी. टूरच्या पुण्याच्या ऑफिसात फोन केले. ते म्हणतात, तुमच्या मदर आमची परवानगी न घेता गेल्या.

नंदा: परवानगी कसली? सकाळ मोकळीच दिली होती त्यांनी. बाकी सगळे बाहुल्या विकत घ्यायला गेले. त्या एकीच्या पोटात एक असतात ना, त्या. मला नको होत्या बाहुल्या.

एकता: मग गेला होतात कुठे? विनीतामावशी म्हणाल्या, कुठल्याशा देवळात.

नंदा: देऊळ नाही गं. विहार. बुद्धाचं विहार.

एकता: पीटर्सबर्गमध्ये?

नंदा: म्हणजे यानं तुला सांगितलंच नाही?

एकता: हा बाबांबद्दल काहीच बोलत नाही, आई. लग्नाआधीपासून. ते रशियात शिकले, एवढंच मला माहीत.

उज्ज्वल: पोहे गार होतायत.

नंदा: होऊ दे. ऐक एकता. तेव्हा लेनिनग्राड म्हणत त्या शहराला. तुझ्या सासऱ्यांना सरकारी स्कॉलरशिप मिळाली, धातूंचं इंजिनिअरिंग. इंदोऱ्यातला पोरगा. इंदोरा म्हणजे नागपूरची आमची वस्ती. उन्हाळ्यात अंगणात झोपणारी माणसं आम्ही, आणि हे निघाले बर्फात. तिथं त्यांना कोणीतरी सांगितलं, नदीपल्याड एक जुनं बुद्धविहार आहे. झालं. बुद्धपौर्णिमेला धुतलेला शर्ट घातला, मेणबत्त्या घेतल्या आणि शोधत शोधत गेले. दाराला कुलूप.

एकता: का?

नंदा: सरकारनं आत कसलीशी प्रयोगशाळा केली होती. पहारेकरी म्हणाला, निघ इथून. मग हे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, मनातल्या मनात त्रिसरण म्हटलं, मेणबत्त्या तशाच खिशात घेऊन परत. तिथं शिकत होते तोवर दर बुद्धपौर्णिमेला जायचे. पण आत पाय पडला नाही कधी.

एकता: आणि आता उघडं असतं?

नंदा: केव्हाचं! हे परत आले, त्यानंतर काही वर्षांनी उघडलं. यांना पेपरात वाचून कळलं. तेव्हापासून म्हणायचे, नंदा, एकदा जाऊ. मग घर बांधणं निघालं, याचं शिक्षण, माझ्या वॉर्डातल्या रात्रपाळ्या. आणि मग ते गेलेच.

उज्ज्वल: मी नेलं असतं तुला.

नंदा: नेलं असतंस रे. 'या प्रोजेक्टनंतर जाऊ, आई.' मी कुठं नाही म्हणते? पण तुझा एक प्रोजेक्ट संपला की दुसरा दारात उभा. त्यात तुझा दोष नाही. माझे गुडघे मात्र कोणासाठी थांबून राहिले नाहीत.

एकता: मग टूरबरोबर गेलात ते त्यासाठीच.

नंदा: हो तर. शहर मात्र खरंच पाहण्यासारखं. जिकडे पाहावं तिकडे पाणी आणि पूल. राजाच्या हिवाळी महालात इतकं सोनं, की विनीता म्हणाली, इथला झाडूपोछा कोण करत असेल गं? चित्रं तर अशी, की मान दुखेस्तोवर बघा. पण माझं लक्ष नव्हतं. टूर मॅनेजरला म्हटलं, विहार दाखवता का? तो म्हणाला, आंटी, ते आपल्या प्रोग्रॅममध्ये नाही. मग म्हटलं, माझ्या प्रोग्रॅममध्ये आहे.

उज्ज्वल: आणि एकटी मेट्रोत बसलीस.

नंदा: आपल्या इथल्या एमआरटीसारखीच की. फक्त खोल. जिना आपला खाली जातोय, जातोय, संपायचं नाव नाही. हॉटेलच्या पोरीनं स्टेशनाचं नाव कागदावर लिहून दिलं होतं. अर्थ विचारला तर म्हणाली, 'जुनं खेडं'. एवढं थाटाचं शहर आणि स्टेशनाचं नाव जुनं खेडं! उतरले, चालत गेले. लांबूनच दिसलं. राखाडी दगड, वर सोनेरी चक्र आणि त्याच्या दोन बाजूंना दोन हरणं. लगेच आत नाही गेले. आधी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले.

एकता: जिथे बाबा उभे राहायचे.

नंदा: नेमकी जागा कुठली, कोणाला माहीत? तिथं आता बसस्टॉप आहे. पण राहिले उभी. मग रस्ता ओलांडला आणि दार ढकललं.

एकता: रडलात?

नंदा: नाही. यांना नेहमी वाटायचं, आत अंधार असेल. एवढी वर्षं बंद ठेवलेलं, ओल आली असेल. आणि वर पाहते तर काचेचं छत. सगळा उजेड वरून मूर्तीवर. मी त्यांच्या वाटचं त्रिसरण म्हटलं. मोठ्यानं. दोघंतिघं वळून बघायला लागले, पण कोणी गप्प बस म्हणालं नाही.

उज्ज्वल: हे सगळं ठीक आहे, आई. मला आनंद आहे की तू गेलीस. पण गाडी तीनची होती. तू बारापर्यंत परत आली असतीस.

नंदा: आले असते. निघालेच होते. बाहेरच्या पायऱ्यांवर माझ्यापुढे एक म्हातारी उतरत होती. चेहरा तिकडच्या गोऱ्यांसारखा नाही, आपल्या नेपाळी बायांसारखा. बुर्यात लोक म्हणे ते, पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध. तिचा पाय घसरला आणि पडली ती अशी पडली, की आवाजावरूनच समजले, खुबा गेला. लोक धावले, उचलायला लागले. मी ओरडले, उचलू नका! मराठीतच ओरडले. पण थांबले सगळे.

एकता: बरोबर केलंत. तसं उचललं असतं तर अजून वाट लागली असती.

नंदा: मी खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं माझा हात धरला. अँब्युलन्स आली, स्ट्रेचर आलं, आत घेतलं, तरी हात सोडेना. तो अँब्युलन्सवाला माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. शेवटी त्यानं मलाही आत घेतलं. त्याला वाटलं, नात्यातली असेल.

उज्ज्वल: तिथे दुसरं कोणी नव्हतं? एवढ्या माणसांत?

नंदा: होते. पण हात माझा धरला होता.

उज्ज्वल: मग हळूच सोडवून घ्यायचा होता.

नंदा: तू घेतला असतास?

उज्ज्वल: ...माझा प्रश्न तो नाही.

नंदा: दुल्मा नाव तिचं. एक शब्द कळत नव्हता एकमेकींचा. मी मराठीत बोलायची, ती तिच्या भाषेत. मी म्हटलं, घाबरू नको बाई, आजकाल ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी चालवतात. ती मान हलवायची. तिची लेक दुसऱ्या गावी, संध्याकाळी पोहोचली. तोवर मी सोडून कशी येऊ?

उज्ज्वल: पण फोन, आई! एक फोन!

नंदा: नेट चालत नव्हतं. तिकडे मधूनमधून बंद करतात म्हणे. लावून लावून बॅटरी गेली. चार्जर बॅगेत, बॅग ग्रुपबरोबर गाडीत.

उज्ज्वल: टूर मॅनेजरचं कार्ड?

नंदा: तेही बॅगेत.

उज्ज्वल: त्या लेकीचा फोन होता ना?

नंदा: होता. बिचारीनं स्वतःच पुढे केला. मोडकंतोडकं इंग्रजी यायचं तिला. म्हणाली, सन, नंबर. आणि मी तिथं मठ्ठासारखी उभी. उज्ज्वल, तुझा नंबर मला पाठ नाही. मी तुझ्या फोटोवर बोट ठेवते आणि तू बोलतोस. पाठ एकच नंबर आहे मला. तुझ्या बाबांचा. तो लावून काय करू?

एकता: आई...

नंदा: मग तिनं मला आपल्या आईच्या घरी नेलं. सूप दिलं, पलंग दिला, पण तिचा चार्जर माझ्या फोनला बसेना. मॉस्कोचं तिकीट सकाळचं मिळालं. गाडीत स्वतः बसवून दिलं, शेजारच्या बाईला बजावलं, हिला नीट उतरव. मॉस्कोच्या स्टेशनवर विनीता तिकडून येणारी प्रत्येक गाडी बघत उभी होती, तिच्या फोनवरून आधी तुलाच लावला. झालं हे असं.

एकता: मला निघायला हवं. नोव्हेनाला दवाखान्यात पेशंट येऊन बसला असेल माझा, त्याचाही खुबाच आहे. आई, दुपारी येते, मग मला सगळे फोटो बघायचेत. आणि उज्ज्वल, तू बोल. भांडू नकोस, बोल.

(दार बंद होण्याचा आवाज.)

नंदा: गुणी आहे पोरगी.

उज्ज्वल: आई, यापुढे तू एकटी कुठेही जाणार नाहीस.

नंदा: आदेश आहे?

उज्ज्वल: विनंती समज.

नंदा: विनंती अशी दात आवळून करतात? अरे, मी काही वाईट केलं का? पडलेल्या बाईला...

उज्ज्वल: वाईट नाही केलंस. तू केलंस ते बरोबरच होतं. मला कळतं. पण मला तो आवाज सहन होत नाही. 'आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे.' तुला माहितीये, तो मी पहिल्यांदा इतका वेळ कधी ऐकला?

नंदा: कधी?

उज्ज्वल: बाबा गेले तेव्हा. सकाळपासून तुला लावत होतो. आदल्या दिवशी तू म्हणाली होतीस, ऑक्सिजन जरा वर आलाय. मग एकदम बंद. हॉस्पिटलचा लागत नाही, तुझा लागत नाही.

नंदा: वॉर्डाबाहेर बसले होते मी. आत सोडत नव्हते कोणाला. फोनची बॅटरी कधी संपली, कळलंच नाही.

उज्ज्वल: माहितीये. तुझी चूक नव्हती. करोनात कोणाचीच नव्हती. पण मी इथे बसून होतो. विमानं बंद. शेवटी वस्तीतून प्रबोधचा फोन आला. दादा, काका गेले म्हणाला. मग त्यानं घाटावरून व्हिडिओ लावला. महापालिकेच्या लोकांनी त्याला लांब उभं केलं होतं. मला काय दिसलं सांगू? एक कडुलिंबाचं झाड आणि अँब्युलन्सचं मागचं दार. बस. मी त्या झाडाकडे बघून हात जोडले.

नंदा: उज्ज्वल...

उज्ज्वल: या वेळी विनीतामावशीचा मेसेज आला, तुझा फोन बंद, आणि मला वाटलं, आता परत कोणीतरी व्हिडिओ लावणार. परत मला एक झाड दिसणार.

नंदा: हे तू मला कधीच बोलला नाहीस.

उज्ज्वल: तुला काय बोलणार? तुझा नवरा गेला होता.

नंदा: आणि तुझा बाप गेला होता. इकडे ये. बस इथं, माझ्याजवळ. ...बेड तू मिळवलास. सिलिंडर तू पाठवलास. नंतरची सगळी कागदपत्रं तू केलीस, इथून, फोनवर. आवाज एवढा शांत, की जन्मभर वॉर्डात काढलेली मी, मीही फसले. वस्तीत सगळ्यांना सांगायची, माझा पोरगा फार खंबीर आहे बाई.

उज्ज्वल: तुझ्याशी बोलायच्या आधी तोंड धुऊन यायचो.

नंदा: अरे बाप्पा.

उज्ज्वल: जाऊ दे आता.

नंदा: नको जाऊ देऊ. मला सांग. त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटली नव्हती. कोणी आत यायचं नाही, असा नियम होता. तरी वस्तीतल्या बायांनी फाटकावर डबे ठेवले. वरण, पोळ्या, कोणी भात. मी तिथं बसून चार घास खाल्ले आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही. तुला कोणी वाढलं रे त्या दिवशी?

उज्ज्वल: तेव्हा मी इथेच क्वीन्सटाऊनला खोली घेऊन राहत होतो. घरमालक मलेशियात अडकलेले. फ्लॅटमध्ये एकटाच होतो.

नंदा: म्हणजे उपाशी.

उज्ज्वल: नाही. संध्याकाळी दार उघडलं तर बाहेर लोखंडी जाळीला पिशवी अडकवलेली. गरम तांदळाची पेज, वर आल्याचे बारीक तुकडे. शेजारचे चिनी अंकल ठेवून गेले होते. लिफ्टमध्ये भेटले तर मान हलवायचे, तेवढीच ओळख.

नंदा: मग त्यांना कोणी सांगितलं, तुझ्या घरी असं झालं म्हणून?

उज्ज्वल: कोणी नाही, आई. भिंतीतून ऐकू गेलं असेल.