डिंक ओला आहे

दवाखान्याच्या बाकावर सुतारकाका नंबरची वाट बघत होते. शेजारी नणंद-भावजयीच्या गप्पा चालल्या होत्या.

"अगं, एवढ्याशा खोलीत वह्या बांधायचं काम मांडलंस तरी कुठे?"

"दारावर, ताई. सकाळी आतल्या खोलीचं दार बिजागरीतून उचलायचं, दोन ट्रंकांवर आडवं टाकायचं. झालं टेबल! रात्री परत दार."

सुतारकाकांनी कान टवकारले.

"आणि डिंक लावल्यावर वह्या दाबायचं यंत्र?"

"त्याला कुठून आणू पैसे? वह्यांवर फळी ठेवते आणि फळीवर सासूबाई बसतात."

"आमची आई?"

"हो! दोन-दोन तास हलत नाहीत. परवा पाहुणे आले, तर जागेवरूनच म्हणाल्या, 'या, बसा. मी काही उठणार नाही, डिंक ओला आहे.'"

"अगं बाई! जन्मात कधी दहा मिनिटं एका जागी बसली नाही गं ती."

तेवढ्यात आई तपासणीच्या खोलीतून बाहेर आल्या.

"आई, काय म्हणाले डॉक्टर?"

"वजन कमी करा म्हणाले."

"मग?"

"मी म्हटलं, आत्ता जमायचं नाही. दोनशे वह्यांची ऑर्डर आहे."

"बसा, आजी," म्हणत सुतारकाका चटकन उठून उभे राहिले.