पोस्टाची खोली

चहा ओता, तोवर सांगतो. आठवलं तरी मला जागेवर बसवत न्हाई.

आमच्या गल्लीतलं पोस्ट पुलापलीकडं न्यायचं चाललं होतं. जुनी जागा गळत होती. पण माझ्या मायचे गुडघे गेलेले. पेन्शनला ती पुलापलीकडं कशी जाणार? शेजारचे किराणावाले शेखचाचा म्हणले, "माझ्या दुकानाजवळची माझी खोली देतो पोस्टाला."

खोली पाहायला पोस्टाचे मोठे साहेब येणार होते. मी सकाळपासून गल्लीत येरझारा घालून राह्यलो होतो. चाचा म्हणले, "गल्ली रिकामी दिसली तर साहेब म्हणंल, इथं पोस्ट लागतंच कोणाला?"

मंग काय, दारोदार फिरून मी म्हातारे, बाया, लेकुरवाळ्या, सगळे खोलीपुढं गोळा केले. मायला खुर्ची टाकून सगळ्यात म्होरं बसवलं.

साहेब आले, पण त्यांना दारापर्यंत वाटच मिळंना. कसंबसं आत डोकावून त्यांनी घाम पुसला. मला काही राहवंना. म्हणलो, "बघा साहेब, किती लोकांना पोस्ट लागतं."

"तेच बघतोय," साहेब म्हणाले. "इतक्या लोकांना ही खोली पुरणार नाही. पुलापलीकडची मोठीच घ्यावी लागेल."

मी चाचाकडं पाहिलं. चाचा वर छताकडं पाहून राह्यले.

माय खुर्चीवरून म्हणली, "सगळे जमलेच हाईत, तर दर महिन्याला मला पुलापलीकडं कोण नेणार, ते आत्ताच ठरवा."

जिथं साहेबाला वाट मिळत नव्हती, ती गल्ली मायचं बोलणं संपेस्तोवर रिकामी झाल्ती.