दाढीवाल्यांची चाल

नाही हो, ते बटण परत परत दाबून काही होत नाही, लिफ्ट आहे ती, दारावरची बेल नाही! आणि आईशप्पथ सांगतो, माणूस निघालाय... म्हणजे निघतोच म्हणाला... म्हणजे मला तरी तसं ऐकू आलं. तोवर मी आहे ना फोनवर! चौघं आहात ना? मग स्पीकरवर टाका आणि पाठी टेका. आता जे सांगतो तेही आईशप्पथ खरं, फक्त आईला विचारू नका, तिला वाटतं मी अजून बँकेत आहे.

तुम्हाला सांगतो, लिफ्ट कंपनीत माझं काम हेच. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, त्याला घाबरू द्यायचं नाही. म्हणजे माझ्याशी लोक बोलतात कधी? दुसरीकडे कुठे जाताच येत नाही तेव्हा! दार उघडलं की खट्... फोन बंद. आठवड्याला चाळीस माणसं, आणि एकानं कधी विचारलं नाही, ‘बाबा रे, तू जेवलास का?’

विचारायचे एकच. माझ्या खोलीच्या खाली दुकान असलेले घड्याळकाका. भिंतीवर साठ घड्याळं आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही! डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि बाजूला कायम बुद्धिबळाचा पट. एकदा मी सहज म्हणालो, सहज हं, की सध्याचा जगज्जेता आजवरचा सगळ्यात भारी आहे. भिंग टपकन खाली! ‘तो? ते कार्टं? अरे, शंभर वर्षांपूर्वीचे आमचे दाढीवाले माहितीयत का तुला? पंधरा दिवस बोटीतून जायचे, अंगात ताप, कंदिलाचा उजेड, आणि तसेच पटावर बसून जिंकायचे! काळ वेगळा होता, पोरा!’

मी म्हटलं, काका, माझा हा जगज्जेता पोरगा तुमच्या दाढीवाल्यांचे सगळे डाव दात घासता घासता म्हणून दाखवेल.

‘म्हणजे शिकला कोणाकडून ते कळलं ना!’

बरं, दाढीवाल्यांना आजचा कॉम्प्युटर दिला असता तर?

‘त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला असता! काळ वेगळा होता!’

आता असा वाद कसा मिटवायचा? एक गेलाय वर, दुसरा आपले फोन उचलत नाही. मग आम्हीच ठरवलं, डाव लावायचा! काका दाढीवाल्यांच्या तर्फे, मी पोरग्याच्या तर्फे. काकांकडे त्यांच्या डावांचं पानं सुटलेलं जुनं पुस्तक, माझ्याकडे चाली सुचवणारा मोबाइल. मी म्हटलं, चालीला पाच मिनिटं? काका, साठ घड्याळांच्या मध्ये बसलेला माणूस, मला काय म्हणतो? ‘दाढीवाल्यांच्या वेळी घड्याळ लावायची पद्धत नव्हती! काळ वेगळा होता!’

झालं! एक चाल एका संध्याकाळी. मी कामावरून सुटलो की थेट दुकानात. काका पुस्तक चाळायचे, घोडा उचलायचे, ठेवायचे, चहा ओतायचे, ‘जेवलास का?’ विचारायचे, आणि आठ वाजता म्हणायचे, ‘उद्या बघू.’ दाढीवाल्यांना ना, विचारच फार!

आणि बाविसाव्या दिवशी घात झाला. मोबाइल म्हणाला, तीन चालींत मात. माझा पोरगा जिंकणार! तीन चाली, म्हणजे शुक्रवारी खेळ खल्लास. मग शनिवारी मी खाली कशाला जायचं? माझ्याकडे घड्याळसुद्धा नाही हो दुरुस्तीला!

मी गुपचूप कोपऱ्यातलं प्यादं एक घर सरकवलं. जगज्जेता आणि ही चाल! मनातल्या मनात माफी मागितली पोरग्याची. काकांनी भिंगातून पाहिलं, हूं केलं... आणि दुसऱ्या दिवशी आपला वजीर माझ्या घोड्याच्या तोंडात नेऊन ठेवला. वजीर! ज्या माणसाला मुंगीच्या डोळ्याएवढा स्क्रू दिसतो, त्याला माझा घोडा दिसला नाही? मी नाही मारला वजीर. मी म्हटलं, अरेच्चा, काका, फसवताय का! ते म्हणाले, ‘दाढीवाल्यांचा डाव आहे, तुला नाही कळायचा. जेवलास का?’

चार महिने, तुम्हाला सांगतो, शंभर वर्षांतले दोन सर्वांत थोर खेळाडू इतके भिकार खेळले की मांजर पटावरून चालत गेलं तेव्हा डाव जरा सुधारला!

मग काकांची लेक आली. पायऱ्या झेपत नाहीत, एकटे राहतात, आता माझ्याकडेच चला म्हणाली. चुकलं काय तिचं? काहीच नाही. साठ घड्याळं खोक्यांत गेली. चाल होती दाढीवाल्यांची. काका म्हणाले, ‘काही हरकत नाही, अर्धवट डाव पूर्वी असाच ठेवायचे. आपली चाल चिठ्ठीवर लिहायची, पाकीट बंद करायचं, आणि दोघं पुन्हा समोरासमोर बसले की उघडायचं. चिठ्ठी कोरी निघाली, तर ज्याचं पाकीट तो हरला.’ दुरुस्त झालेलं घड्याळ ज्यात घालून देतात ना, त्या खाकी पाकिटात घातली चिठ्ठी, थुंकी लावून चिकटवली, माझ्या हातात दिली आणि गाडीत बसले. मागे बघितलं नाही. काळ वेगळा होता... आता हे मीच म्हणतो.

येत्या रविवारी येतायत. दुकान सोडलंय, त्याची किल्ली द्यायला आणि पाकीट उघडायला. आणि मी काल ते बल्बसमोर धरलं हो! धरायला नको होतं, पण धरलं. चिठ्ठी कोरी! विसरले की मुद्दाम मला जिंकवलं, देव जाणे. म्हणजे रविवारी पाकीट फुटणार, माझा पोरगा जिंकणार, शंभर वर्षांचा वाद मिटणार... आणि काकांना पुन्हा यायला काही कारणच उरणार नाही.

तर मला त्या पाकिटात एक चाल हवीय. माझ्या मनची नाही लिहिणार! दोन्ही बाजूंनी मीच खेळलो तर तो डाव कसला, ती माझी नेहमीची संध्याकाळ झाली!

कोण म्हणालं बुद्धिबळ येत नाही? ताई, उत्तम! दाढीवाले अगदी तुमच्यासारखंच खेळत होते! हत्ती, उंट, घोडा, काहीही बोला, बसेल ते मी बघतो. एवढी गोष्ट ऐकलीत, फुकट का? पैसे नकोत, चाल द्या.

काय? माणूस कुठवर आला?

माणूस कुणी निघालेला नाही हो. लिफ्ट इथूनच सुरू होते, लाल बटण माझ्या टेबलावर आहे. पण मला माहितीय ना, दार उघडलं की तुम्ही फोन ठेवणार.

म्हणून, आधी चाल. सावकाश विचार करा... दाढीवाल्यांना घड्याळ नसायचं.